सुई टोचल्यानंतरचे तास: ग्रामीण रुग्णालयांतील कर्मचारी-सुरक्षेविषयीचे गैरसमज

बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि २०१९ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरातही उपजिल्हा रुग्णालय आहे. तरीही या दोन तालुक्यांतील अनेक गावांचा पहिला संबंध प्राथमिक आरोग्य केंद्राशी किंवा मोजक्या खाटांच्या खासगी दवाखान्याशी येतो, आणि तेथे रात्रपाळीचा सारा भार बऱ्याचदा दोन-तीन जणांवर असतो. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचे धोरण ही मोठ्या रुग्णालयांना परवडणारी गोष्ट आहे, ही समजूत अशाच ठिकाणी मूळ धरते. वस्तुस्थिती अशी, की जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६, म्हणजे वापरलेल्या सुया, रक्ताळलेल्या पट्ट्या अशा संसर्गजन्य कचऱ्याविषयीचे केंद्र सरकारचे नियम, खाटांची संख्या विचारत नाहीत. ते लसीकरण आणि रक्तदान शिबिरांना लागू आहेत, आणि दुग्धव्यवसायाच्या या पट्ट्यात विशेष ध्यानात ठेवावे असे, की जनावरांच्या दवाखान्यांनाही लागू आहेत.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज सुई टोचण्याविषयीचा आहे. इंजेक्शन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण लावले की ती सुरक्षित झाली असे मानले जाते. प्रत्यक्षात टोपण लावतानाच ती बोटात घुसण्याचा धोका मोठा असतो, म्हणून सुई टोपण न लावता हब कटर या छोट्या यंत्राने तोडून पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात टाकावयाची असते. सुई टोचलीच, तर बोट पिळून रक्त काढावे, तोंडात धरावे किंवा जखमेवर जंतुनाशक ओतावे, हे तिन्ही उपाय चुकीचे आहेत. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुणे एवढेच तत्काळ करावयाचे असते. त्यानंतर प्रश्न वेळेचा असतो. ज्याच्या रक्ताची सुई टोचली तो रुग्ण एचआयव्हीबाधित असेल, तर संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, आणि संसर्ग टाळण्यासाठी घ्यावयाच्या औषधांचा पहिला डोस शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांच्या आत घ्यावा लागतो. पुढे २८ दिवस औषध चालू ठेवावे लागते. रुग्णाचा तपासणी अहवाल येईपर्यंत थांबू, असे म्हणण्यात हेच मोलाचे तास निघून जातात. रात्री दोन वाजता हा पहिला डोस कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, याचे उत्तर प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहिलेले असले पाहिजे, आणि ते लिहिण्यासाठी कोणत्याही निधीची वाट पाहावी लागत नाही.

एचआयव्हीची भीती एवढी मोठी आहे, की तिच्या आड कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी, झाकली जाते. लस न घेतलेल्या व्यक्तीला या विषाणूने बाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत असते, आणि हा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरू शकतो. त्यावरची लस तीन डोसांची असते. पहिल्या डोसानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा दिला जातो. एक डोस घेतला म्हणजे काम झाले, हा समज त्यामुळे धोक्याचा ठरतो.

कीटकनाशकाच्या विषबाधेविषयीचा समज या भागासाठी आणखी महत्त्वाचा आहे. ऊस, डाळिंब आणि द्राक्षाच्या शेतीत फवारणी नित्याची असल्याने असे रुग्ण येथे अनोळखी नाहीत, परंतु विष रुग्णाच्या पोटात आहे, तेव्हा धोका फक्त त्यालाच आहे, असे गृहीत धरले जाते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके त्वचेतूनही शरीरात शिरतात. त्यामुळे रुग्णाचे भिजलेले कपडे उतरवणाऱ्या, उलटी पुसणाऱ्या मावशींना आणि मामांना, म्हणजे रुग्णालयातील महिला व पुरुष परिचरांना, त्याची बाधा होऊ शकते. अशा वेळी पातळ लॅटेक्स हातमोज्यांऐवजी नायट्राइलचे हातमोजे आणि एप्रन वापरावा, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि उतरवलेले कपडे बंद पिशवीत ठेवावेत.

हल्ल्याच्या बाबतीत, मार खाल्लेल्या डॉक्टरने किंवा परिचारिकेने स्वतः पोलीस ठाण्यात जावे, आणि शेवटी प्रकरण मिटवूनच घ्यावे लागते, अशी हताश समजूत आढळते. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यातील गुन्हा दखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलीस तपास करू शकतील असा, आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयात महिला डॉक्टरवर झालेल्या बलात्कार व हत्येच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने, हल्ला झाल्यास ६ तासांच्या आत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली. जखमी माणसाच्या खांद्यावरून तक्रारीचे ओझे काढून संस्थेने ते उचलावे, हे यातील तत्त्व लहानात लहान केंद्रानेही आपले मानावे असे आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीबाबतही, दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दवाखान्यात अंतर्गत समिती नाही म्हणून दाद नाही, हे खरे नाही. २०१३ च्या कायद्याने त्यासाठी जिल्हास्तरावर स्थानिक समितीची तरतूद केली आहे.

राहतो तो कंत्राटी सफाई कामगार, ज्याच्या हाती सर्वांनी टाकलेल्या सुया अखेर येतात. त्याची जबाबदारी ठेकेदाराची, असे सर्रास सांगितले जाते. परंतु २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाचे हिपॅटायटिस बी व धनुर्वाताविरुद्ध लसीकरण, त्याला संरक्षक साधने व प्रशिक्षण देणे, आणि कामावर घेताना व त्यानंतर वर्षातून किमान एकदा त्याची आरोग्यतपासणी करणे ही कर्तव्ये रुग्णालयाची आहेत. वेतन कोणाच्या हातून मिळते, याने त्यांत फरक पडत नाही. कचरा हाताळताना झालेला लहानसा अपघात आणि त्यावर केलेली उपाययोजना ३० जूनपर्यंत द्यावयाच्या वार्षिक अहवालात नोंदवावी लागते. पिशवी उचलताना या कामगाराला टोचलेली सुईसुद्धा त्या अहवालात आली पाहिजे.