उपवास, भूक आणि टोरांटोची प्रश्नावली

शारदीय नवरात्रात धाराशिव जिल्ह्यातले रस्ते तुळजापूरकडे वळतात. घटस्थापनेला धरलेला उपवास घट उठले की सुटतो. कुणाचा नऊ दिवसांचा, कुणाचा नुसता उठता-बसता. इतके दिवस भूक मारणाऱ्या बाईला इथे कुणी आजारी म्हणत नाही, निष्ठेची म्हणतात. खाण्याचे मनोविकार आणि त्यांच्यामागचा स्वभाव मोजणाऱ्या प्रश्नावल्या भारतात आल्या, तेव्हा त्यांची गाठ याच उपवासाशी पडली.

सुरुवात कॅनडातली. टोरांटोच्या डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकल यांनी 1979 मध्ये 40 प्रश्नांची चाचणी तयार केली. 1982 मध्ये ती 26 प्रश्नांवर आली. तिचा भर खाण्याच्या सवयींवर आणि वजनाच्या धास्तीवर होता. स्वभावाकडे नीट वळायला 1983 उजाडलं. गार्नर, मॅरियन ओल्मस्टेड आणि जॅनेट पोलिव्ही यांच्या 64 प्रश्नांच्या नव्या चाचणीत आठ मोजपट्ट्या होत्या. तीन खाण्याच्या आणि शरीराच्या, पाच मनाच्या: सगळं बिनचूकच हवं हा हट्ट, आपल्याच्यानं काही होणार नाही ही भावना, माणसांवरचा अविश्वास, भूक आणि भावना यांची आतली खूण न ओळखणं, मोठं होण्याची भीती. 1991 मध्ये प्रश्न 91 झाले आणि आणखी तीन पट्ट्या आल्या. त्यांतली एक होती देहदंडाची आणि आत्मसंयमाची. तुळजापूरच्या वाटेवर ही पट्टी लावली, तर किती निष्ठावंत भाविक संशयाच्या यादीत जातील!

ही शंका हवेतली नाही. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना 26 प्रश्नांची चाचणी दिली आणि 1989 मध्ये निष्कर्ष मांडले. अनेक मुलींचे गुण धोक्याच्या रेषेपलीकडे गेले होते. पण काही प्रश्न मुलींनी आपापल्या धार्मिक आणि घरच्या रीतीप्रमाणे समजून घेतले होते. आकडा मोठा दिसला, आजार तेवढा नव्हता.

उलट बाजू 1995 मध्ये दिसली. दिल्लीच्या एम्समधील सुधीर खंडेलवाल, प्रताप शरण आणि शेखर सक्सेना यांनी पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. अन्न नकोसं झालेलं, उलट्या, वजन घटलेलं; पण पाश्चात्त्य पुस्तकांतली जाड होण्याची भीती नव्हती. म्हणजे एकीकडे निरोगी मुली जाळ्यात सापडत होत्या, दुसरीकडे आजारी मुली निसटण्याचा धोका होता.   

मोजमापातली आणखी एक अडचण त्याहून जुनी. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी पुरुषांना महिनोन्महिने अर्धपोटी ठेवलं. हळूहळू ते चिडचिडे, एकलकोंडे झाले, सतत अन्नाचाच विचार करू लागले. मग उपाशी मुलीच्या उत्तरात दिसतो तो मूळचा स्वभाव, की उपासमारीचा परिणाम? म्हणून वजन सावरल्यावर पुन्हा मोजणं गरजेचं ठरलं. बिनचूकपणाचा हट्ट अनेकींमध्ये तेव्हाही टिकून असतो, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं.

मराठीत स्वभाव मोजता येतो का? पुण्यात पी. एच. लोधी, सविता देव आणि व्ही. एम. बेल्हेकर यांनी पाच घटकांची प्रसिद्ध चाचणी मराठीत आणली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात ती रचना मराठी माणसांतही बऱ्याच अंशी दिसली. पण ती सर्वसाधारण स्वभावाची चाचणी, खाण्याच्या विकारांची नव्हे.

धाराशिवसाठी 2015 हे वर्ष महत्त्वाचं. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्यानं 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला आणि आशाताई मनाचे प्रश्न घेऊन उंबरठ्यापर्यंत पोचल्या. त्या प्रश्नांचा रोख कर्ज, निराशा आणि आत्महत्येचे विचार यांवर होता, आणि तो योग्यच होता. मात्र ताटावरून उठून जाणारी बारावीची मुलगी त्यात कुठे बसत नाही.

घरच्यांनी त्यासाठी चाचणीची वाट पाहू नये. व्रताचा उपवास सुटण्याचा दिवस ठरलेला असतो. दसरा उलटला तरी मुलगी जेवत नसेल, पाळी थांबली असेल, जेवल्यावर उलट्या काढत असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.