प्लेग आला नसता तर?

चौदाव्या शतकात, १३४७ ते १३५१ या काळात, प्लेगने युरोपातील निदान एक तृतीयांश माणसे मारली. तो आला नसता तर इतिहास कसा घडला असता, असा प्रश्न विद्यार्थी हौसेने विचारतात. आपण तोच प्रश्न आपल्या घराजवळच्या प्लेगविषयी विचारून पाहू.

१८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढील पंचवीस वर्षांत त्याने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. १८९९ साली नाशिकजवळच्या भगूरला दामोदरपंत सावरकर प्लेगने वारले. त्यानंतर त्यांची मुले नाशिकला आली व येथे ‘मित्रमेळा’ उभा राहिला. त्यापूर्वी, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली होती.

या दोन्ही घटना ‘प्लेगमुळे’ घडल्या असे आपण सहज म्हणतो. पण प्रयोगशाळेत आपण एकच गोष्ट बदलतो व बाकीच्या तशाच ठेवतो. तसे येथे करून पाहा. दामोदरपंतांचा मृत्यू जंतूमुळे झाला. जंतू काढला की ती घटना उरत नाही. रँडचे तसे नाही. सोल्जर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, सामान जाळले, माणसे सक्तीने छावणीत नेली. प्लेग ठेवून केवळ हे काढले तरी गोळी सुटण्याचे कारण उरत नाही.

मग झडत्या कशासाठी? जंतू १८९४ सालीच येर्सिनने हाँगकाँगला शोधला होता, परंतु तो पसरतो कसा हे माहीत नव्हते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एका बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला व त्याच्या वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श झाला नाही, तरी वरचा उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ ठेवलेले उंदीर मात्र जगले. (आपल्याकडे ‘उंदीर पडला’ की लोक घर सोडून माळावर झोपड्या घालीत, कारण ठाऊक नसताना उपाय बरोबर होता!)

तेव्हा मला वाटते, प्रश्न थोडा बदलावा: प्लेग आला, पण पिसवांची ही गोष्ट दोन वर्षे आधी कळली असती तर? सोल्जर माणसांऐवजी उंदरांच्या मागे लागले असते काय? माझे उत्तर ‘लगेच नाही’ असे आहे. सिमाँचे म्हणणे वर्षानुवर्षे कोणी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून तपासणी झाली. उघडे ठेवलेले आजारी पडले, बारीक जाळीत ठेवलेले वाचले. तेव्हा कुठे सरकारला पटले.