वैमानिकाला ड्रोन दिसत का नाही?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराजवळच्या डोंगरांत प्रचंड वणवे पेटले होते. ते विझविण्यासाठी कॅनडातून एक खास विमान आले होते. समुद्राच्या पृष्ठभागाला घासत जाऊन अवघ्या १२ सेकंदांत सुमारे ६,००० लिटर पाणी पोटात भरून घ्यायचे आणि आगीवर नेऊन ओतायचे, हे त्याचे काम. ९ जानेवारीला या विमानाची हवेतच एका ड्रोनशी टक्कर झाली. विमान सुखरूप उतरले. पण त्याच्या डाव्या पंखाला सुमारे ८ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब भोक पडले होते. दुरुस्ती होईपर्यंत, म्हणजे ऐन आगीच्या दिवसांत, ते जमिनीवर बसून राहिले.

ड्रोनचे वजन किती असेल? २५० ग्रॅमपेक्षाही कमी! चांगल्या मोठ्या पेरूएवढे. ते उडविणाऱ्या माणसाला वणव्याने झालेले नुकसान पाहायचे होते. त्या भागात उड्डाणाला बंदी होती. तरी त्याने ते अडीच किलोमीटरांहून दूर जाऊ दिले आणि ते त्याच्या नजरेआड झाले. पुढे न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला.

आता तुम्ही विचाराल, वैमानिकाने ते पाहून विमान बाजूला का नाही घेतले? 'पाहा आणि टाळा' हा तर विमानविद्येतील जुना नियम. ढग नसलेल्या आकाशात दोन वैमानिक एकमेकांना पाहूनच टक्कर टाळतात. ड्रोनच्या बाबतीत हा नियम का लंगडा पडतो, ते थोडे गणित करून पाहू.

समोर काहीतरी आहे हे दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकेतील विमान-वाहतूक खात्याने वैमानिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात सांगितले आहे. वस्तू दिसायला आणि ती काय आहे हे ओळखायला एक-सव्वा सेकंद पुरतो. परंतु 'ही आपल्यावरच येत आहे' हे उमगायलाच ५ सेकंद जातात. मग निर्णयाला ४ सेकंद, हातापायांच्या हालचालीला अर्धा सेकंदही नाही, आणि विमान वळू लागायला आणखी २ सेकंद. ताशी २५० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला सुमारे ७० मीटर जाते. म्हणजे साडेबारा सेकंदांत ते ८७५ मीटर कापील. वैमानिकाला ड्रोन निदान तेवढ्या अंतरावरून दिसायला हवे.

३० सेंटिमीटर रुंदीचे ड्रोन ८७५ मीटरांवरून केवढे दिसेल? १२ मीटरांवर ठेवलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढे! शाळेच्या व्हरांड्यात हा प्रयोग जरूर करा. दाणा भिंतीला चिकटवा, बारा मीटर मागे जा आणि पाहा. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातील वस्तू जेमतेम ओळखता येते. आपला दाणा अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढा कोन करतो. त्याची जागा आधी ठाऊक असल्यामुळे तो तुम्हाला कदाचित सापडेलही. वैमानिकाला मात्र तो उभ्या आकाशात शोधायचा असतो. शिवाय टक्कर होणार असेल, तर समोरची वस्तू काचेवर एकाच जागी स्थिर दिसते, आणि न हलणारी गोष्ट आपल्या नजरेत सहसा भरत नाही.

एवढीशी वस्तू धातूच्या पंखाला भोक कसे पाडते? येथे वेगाचा वर्ग कामाला येतो. १ किलोग्रॅमची वस्तू सेकंदाला ७० मीटर वेगाने आदळली, तर तिची गतिज ऊर्जा २,४५० ज्यूल होते. तोच दगड २५० मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारे साडेतीन कुतुबमिनार एकावर एक रचून त्यांच्या टोकावरून, टाकला तर एवढी ऊर्जा मिळेल. पक्षीही विमानांवर आदळतातच, पण पक्ष्याचे शरीर मऊ असते. ड्रोनमध्ये मोटारी, विद्युतघट असे टणक भाग असतात. अमेरिकेतील डेटन विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये सुमारे एक किलोग्रॅमचे ड्रोन एका लहान विमानाच्या पंखावर ताशी ३८३ किलोमीटर वेगाने डागून पाहिले. ते पंखाची पुढची कड फोडून आत शिरले आणि आतल्या मुख्य तुळईला त्याने इजा केली. तेवढ्याच वजनाच्या जेलच्या नकली पक्ष्याने वरवर जास्त मोडतोड केली, पण तो इतका खोल गेला नाही.

तेव्हा पाहून टाळणे जमत नसेल, तर दोघांना वेगवेगळे ठेवणे हाच मार्ग. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन विभाग पाडले. हिरव्या विभागात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते आणि लालमध्ये थेट केंद्र सरकारची. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्या विभागाची उंची ६० मीटरच आहे. त्याहून जवळ परवानगीशिवाय जाताच येत नाही.

हे आकडे असे का? प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. धावपट्टीपासून ८ किलोमीटरांवर ते सुमारे ४२० मीटर उंच असते, १२ किलोमीटरांवर सुमारे ६३० मीटर. ६० मीटरांवरचे ड्रोन त्याच्या कितीतरी खाली राहते. उलट धावपट्टीपासून सव्वादोन किलोमीटरांवर विमान आणि १२० मीटरांवरचे ड्रोन अगदी एका पातळीत येतात.

यातही एक खोच आहे. ड्रोनवर दिसणारी उंची बहुधा ते जेथून उडाले त्या जागेपासूनची असते. घाटमाथ्यावरच्या कड्यावरून कोणी ड्रोन उडवून कोकणाच्या बाजूला नेले, तर पडद्यावर '१०० मीटर' दिसेल. प्रत्यक्षात ते खालच्या जमिनीपासून कित्येक शे मीटर वर असेल, म्हणजे नियम मोडून बसलेले असेल. गडावर चित्रीकरण करणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानात येते, कोण जाणे!

भारतीय नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन 'नॅनो' गटात मोडते आणि ते उडविणाऱ्याला चालक-प्रमाणपत्राची गरज नसते. लॉस एंजेलिसचे ते भोक आठवले, की ही सवलत मला जरा सैल वाटते. मात्र प्रत्येक मुलाच्या खेळण्यासाठी परवाना मागणेही व्यवहार्य नाही, हेही खरे.

काही कंपन्या ड्रोनमध्येच अदृश्य कुंपण घालतात. उपग्रहांवरून स्वतःची जागा कळली, की विमानतळाच्या हद्दीत ते उडायलाच नकार देते. पण जगातील सर्वांत मोठ्या ड्रोन कंपनीने, डीजेआयने, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत ही सक्ती काढली आणि तिच्या जागी केवळ इशारा ठेवला. मोठी विमाने आपली जागा बिनतारी लहरींनी सतत सांगत असतात. ड्रोननीही तसेच केले तर? लाखो ड्रोन एकाच कंप्रतेवर बोलू लागले, तर बाजारातल्यासारखा कलकलाट होईल आणि विमानांचाच आवाज त्यात बुडेल. म्हणून अमेरिकेत लहान ड्रोनना ते यंत्र वापरायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्यांना आपली ओळख आणि जागा वेगळ्या, थोड्या अंतरापर्यंतच पोचणाऱ्या लहरींवर सांगावी लागते. विमानांचे बोलणे मात्र ड्रोन ऐकू शकते, आणि ऐकून बाजूला होऊ शकते.

नजरेआड जाणाऱ्या ड्रोनचा उपयोगही मोठा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपुरात बिष्णुपूरच्या रुग्णालयातून लोकताक सरोवरातील करांग बेटावर कोविडची लस ड्रोनने गेली. रस्त्याने २६ किलोमीटर पडतात. हवेतून १५ किलोमीटर अंतर १२ ते १५ मिनिटांत संपले. अशा फेऱ्या रोजच्या व्हायच्या, तर प्रत्येक ड्रोनचा मार्ग आधी नोंदवून संगणकांनी एकमेकांशी बोलून वाटा वाटून द्याव्या लागतील. त्यासाठीचा आराखडा भारताने त्याच महिन्यात प्रसिद्ध केला. त्यातला अवघड भाग हेलिकॉप्टरचा आहे. ते रुग्णाला उचलायला शेतात, मैदानात कोठेही उतरते, आणि उतरताना ड्रोनच्या १२० मीटरांतूनच खाली येते.