अकरावीला मराठीऐवजी फ्रेंच? सटाण्याच्या पालकांनी विषय ठरवण्याआधी एवढं समजून घ्या

सटाणा : गेल्या वर्षी जुलै महिन्यात डाळिंबाच्या बागेत बोर्डो मारत होतो, तेवढ्यात पुतणीचा फोन आला. दहावी पास होऊन तिचा नंबर नाशिकच्या एका कॉलेजात अकरावी सायन्सला लागला होता. म्हणाली, "काका, दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेऊ का? सगळ्या मुली घेताहेत. मार्क भरपूर पडतात म्हणे." मागून वहिनींचा आवाज आला, "विचार त्यांना, मराठी सोडून चालेल का?"

मी बारावी शिकलेला माणूस. फ्रेंचचं मला काय कळणार! पण बातमीदारी करतो म्हणून घरातले सगळे मलाच विचारतात. चार ठिकाणी चौकशी केली, एका फ्रेंच शिकवणाऱ्या मॅडमशी तासभर बोललो. 2025 पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. दहा कॉलेजांचे पसंतीक्रम टाकता येतात, त्यामुळे आपल्या तालुक्यातली मुलंही नाशिक-पुण्याची नावं टाकायला लागली. म्हणजे हा प्रश्न आता आमच्या एकट्याच्या घरातला राहिला नाही. म्हणून लिहितोय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. गेल्या वर्षी गावोगावी चर्चा झाली ती तिसऱ्या भाषेची. पहिलीपासून हिंदी शिकवायचा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 ला निघाला, 17 जूनला त्यात बदल झाला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द करून सरकारने डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. त्या भांडणाचा आणि अकरावीच्या फ्रेंचचा संबंध नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं पहिलीपासून मराठी आणि इंग्रजी शिकतात, पाचवीपासून हिंदी येते. तिथं फ्रेंचचा प्रश्नच येत नाही. शहरातल्या काही इंग्रजी शाळांत मात्र खूप वर्षांपासून मराठीला वळसा घालून फ्रेंच घेता यायचं. त्याला 2020 च्या कायद्याने लगाम घातला. राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कोणतंही असो, दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. 2020-21 पासून पहिली आणि सहावीला सुरुवात करून टप्प्याटप्प्याने ती वर नेली. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड आहे.

हा कायदा दहावीपर्यंतच. अकरावीला इंग्रजी सक्तीची असते आणि दुसरी भाषा आपण निवडायची. मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू, गुजराती, तशीच फ्रेंच, जर्मन. कुणी भाषेच्या जागी आयटी घेतात. आता कॉलेजात शिकवायला माणूस असेल तोच विषय मिळणार. आपल्याकडच्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत मराठी आणि हिंदीच असते. फ्रेंच म्हटलं की मुंबई, पुणे आणि नाशिकसारख्या शहरांतली मोजकी कॉलेजं.

मार्क जास्त का पडतात? मॅडमनी सरळ सांगितलं. अकरावीचं फ्रेंच मुळाक्षरांपासून सुरू होतं. मूल ती भाषा दोनच वर्षं शिकलंय हे धरून पेपर निघतो. थोडं व्याकरण, सोपे उतारे, भाषांतर. मराठीचा पेपर मात्र जन्मापासून मराठी बोलणाऱ्याचा असतो. तिथं कवितेचं रसग्रहण लिहा, निबंध लिहा. नियमित अभ्यास करणाऱ्या मुलाला फ्रेंचमध्ये शंभरपैकी नव्वदच्या आसपास मार्क पडतात यात फार नवल नाही.

पण त्या मार्कांचा उपयोग कुठं होतो, हे कुणी विचारत नाही. इंजिनीअरिंगचा प्रवेश एमएचटी-सीईटीवर, डॉक्टरकीचा नीटवर. बारावीला तिथं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स किंवा बायोलॉजीचे किमान टक्के बघतात, फ्रेंचचे मार्क त्यात धरत नाहीत. बीए, बीकॉमला जिथं बारावीच्या टक्क्यांवर यादी लागते, तिथं मात्र हे मार्क कामाला येतात. आमची पुतणी सायन्सची. म्हणजे ज्या कारणासाठी ती फ्रेंच घेणार होती, ते कारणच तिला लागू नव्हतं. हे सांगितल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती.

दुसरी गोष्ट आपल्या भागासाठी मोठी. इथली निम्मी पोरं पोलीस भरती, तलाठी भरतीच्या मागं असतात. पहाटे रस्त्याने पळताना दिसतातच. त्या परीक्षांना मराठी व्याकरण विचारतात. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेतही मराठीचा पेपर असतो. दहावीनंतर मराठी सुटली तर पुढं ते व्याकरण क्लास लावून नव्याने करावं लागतं. ज्याचा विचार नोकरभरतीचा आहे त्याने हा हिशेब आधी करावा.

तिसरी गोष्ट बदलीची. खोलीभाडं परवडत नाही किंवा पोरीला करमत नाही म्हणून बारावीला गावाकडं परत आणतात, असं नेहमी घडतं. इथल्या कॉलेजात फ्रेंच नसलं तर मध्येच विषय बदलायचा आणि अकरावीचं राहिलेलं पण भरून काढायचं. त्यामुळं प्रवेश घेतानाच कॉलेजात विचारा : फ्रेंचचे शिक्षक कायम आहेत का, तास कॉलेजातच होतात की बाहेरचा क्लास लावावा लागेल, क्लासची फी किती.

एवढं ऐकून वाटेल की हा बाबा फ्रेंचच्या विरोधात दिसतो. तसं नाही. उलट मॅडमकडून उठताना मलाच वाटलं, ही भाषा आपल्या पोरांना इंग्रजीपेक्षा सोपी जाईल.

तेच बघा. त्या दिवशी मी फवारत होतो त्या बोर्डोचं नाव फ्रान्समधल्या बोर्डो शहरावरून आलंय. द्राक्षाचा मुलूख आहे तो. साधारण 1882 ची गोष्ट. रस्त्याकडेच्या वेलींचे घड वाटसरू तोडून न्यायचे. म्हणून तिथले शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं पाणी पानांवर शिंपडायचे, विष मारल्यासारखं दिसावं म्हणून. पिएर मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकी बाग डाऊनीने गेली, पण कडेच्या वेली हिरव्या आहेत. त्याने प्रयोग करून 1885 मध्ये हे मिश्रण जाहीर केलं. आज आपण एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी करतो आणि विळ्याचं पातं बुडवून तांबूस होतं का बघतो, ती विद्या तिकडून आली.

आता स्पेलिंग बघा. बी, ओ, आर, डी, ई, ए, यू, एक्स. इंग्रजीच्या हिशेबाने वाचलं तर काय होईल? पण आपला अंगठेबहाद्दर शेतकरीसुद्धा 'बोर्डो'च म्हणतो. फ्रेंचचा पहिला धडा हाच : शेवटची अक्षरं लिहायची असतात, बहुतेक वेळा बोलायची नसतात. दिंडोरीकडं वाइनची द्राक्षं लावणारे 'सॉव्हिनॉन ब्लँक', 'शेनिन ब्लँक' म्हणतात. ब्लँकमधला क फ्रेंच माणूस बोलत नाही, तो 'ब्लाँ' म्हणतो. अर्थ पांढरा. अर्ध्या नाशिक जिल्ह्याच्या तोंडी फ्रेंच आहे, आपल्याला ठाऊक नाही एवढंच.

द्राक्षाला ते 'रेझँ' म्हणतात. इंग्रजीत रेझिन म्हणजे बेदाणा, पण फ्रेंचमध्ये ताजं द्राक्ष. बेदाणा म्हणायचा तर पुढं 'वाळलेलं' जोडायचं. डाळिंबाला 'ग्रनाद'. लढाईतला ग्रेनेड म्हणतात ना, तो शब्द ह्याच डाळिंबावरून आला. आत दाणे भरलेले, फुटलं की चहूकडं. गेल्या काही वर्षांत तेल्याने डाळिंबाने आपली काय गत केली ते पाहता नाव बरोबरच ठेवलंय म्हणायचं.

व्याकरणातही आपलं पोर पुढं असतं. इंग्रजीत मोठ्यालाही 'यू' आणि लहानालाही 'यू'. फ्रेंचमध्ये 'त्यु' म्हणजे तू आणि 'व्हू' म्हणजे तुम्ही. कुणाला कधी अहो-जाहो करायचं हे आपल्या पोराला शिकवावं लागत नाही. इंग्रजीत वस्तूला लिंग नसतं, फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तू तो किंवा ती. आपल्याकडं तर तो, ती, ते असे तीन. कांदा आपल्याकडं 'तो', त्यांच्याकडंही 'तो'. चंद्र मात्र त्यांच्याकडं 'ती' आहे, ते पाठच करावं लागतं. आपण तो गेला, ती गेली म्हणतो, तसं 'जाणे'सारख्या काही क्रियापदांचं रूप त्यांच्याकडंही लिंगाप्रमाणे बदलतं. आणि इंग्रजीतला ट, ड सोडून त, द म्हणायचं. जीभ दाताला लावायची, ती तर आपली सवयच. नाव म्हणजे 'नों', दात म्हणजे 'दाँ', सात म्हणजे 'सेत', दहा म्हणजे 'दिस'. दोन्ही भाषांचं कूळ फार मागं जाऊन एकच आहे.

घशातून काढायचा र आणि नाकातले स्वर, एवढं मात्र अवघड. मॅडमसमोर मी र काढून बघितला, खोकला आला.

सगळ्यात गंमत आकड्यांची. फ्रेंचमध्ये सत्तरला वेगळा शब्द नाही, 'साठ-दहा' म्हणतात. ऐंशीला 'चार-वीस'. सत्त्याण्णव म्हणायचं तर 'चार-वीस-दहा-सात'. शहरातली पोरं इथं डोकं धरून बसतात म्हणे. पुतणीने हे घरी सांगितलं तर आमची माय लगेच म्हणाली, "हाई तं आपलंच शे!" तिच्या पिढीने पेंढ्या, शेळ्या, आंबे सगळं विसावरच मोजलं. चार विसा म्हणजे ऐंशी. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला फ्रेंचमधला अवघड धडा एका मिनिटात कळला.

यावरून आठवलं. आपलं पोर घरात अहिराणी बोलतं, तिकडं साल्हेर-मुल्हेरच्या पट्ट्यात कोकणी आणि भिली. पहिलीत गेल्यावर ते पुस्तकातली मराठी शिकतं. म्हणजे सहाव्या वर्षीच त्याने दुसरी भाषा केलेली असते, कुणी कौतुक करत नाही ती गोष्ट वेगळी. उलट अहिराणी बोललं म्हणून शाळेत दटावतात. 'गावठी पोरांना परकी भाषा जमत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला हे ऐकवा.

आणि भाषा मार्कांसाठी नाही तर माणसांसाठी शिकली की काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गी प्वातव्हाँ हे फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन राहिले, मराठी शिकले, भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. 2004 मध्ये ते वारले. त्या ओव्या आता 'परी' या वेबसाइटवर फोनवरसुद्धा ऐकता येतात. त्यांच्याही आधी झ्यूल ब्लोक या फ्रेंच विद्वानाने मराठी भाषा कशी घडली यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

पुढं शिकायचं असेल तर एक लक्षात ठेवा. बारावीच्या मार्कशीटवरचं फ्रेंच फ्रान्समध्ये कुणी विचारत नाही. तिथं 'देल्फ' नावाची परीक्षा चालते. ए-1, ए-2, बी-1, बी-2 अशा चार पायऱ्या. प्रमाणपत्र फ्रान्सच्या शिक्षण खात्याचं आणि ते जन्मभर चालतं. ही परीक्षा मुंबई, पुण्याच्या अलियाँस फ्राँसेझ या संस्थेत देता येते. ए-1 म्हणजे नाव-गाव सांगण्यापुरतं. तिकडच्या कॉलेजात फ्रेंचमधून शिकायचं तर साधारण बी-2 लागतं आणि तिथवर जायला काही वर्षं घालवावी लागतात. वयाची, शाखेची अट नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे कोर्स चालतात, तिथंही शिकता येतं. म्हणजे अकरावीत संधी हुकली तर कायमची हुकली असं काही नाही. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन जानेवारी 2024 मध्ये भारतात आले, तेव्हा 2030 पर्यंत 30 हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये शिकावेत असं उद्दिष्ट त्यांनी सांगितलं. फ्रेंच न येणाऱ्यांना तिथं आधी भाषा शिकवायचे वर्गही जाहीर झालेत.

कॅनडाचं आमिष दाखवणाऱ्या एजंटांपासून मात्र जपा. फ्रेंच येणाऱ्याला तिथं स्थायिक व्हायला जादा गुण मिळतात हे खरं. पण त्यासाठी टेफ किंवा टीसीएफ कॅनडा ही वेगळी परीक्षा आणि बरीच वरची पातळी लागते. 'अकरावीला फ्रेंच घ्या, कॅनडा पक्का' असं कुणी म्हणत असेल आणि आधी पैसे मागत असेल तर उठून घरी या.

आमच्या पुतणीने काय केलं? दोन दिवस विचार करून तिने मराठीच घेतली. आता ती बारावीला आहे, सीईटीचा अभ्यास चाललाय. पण फ्रेंचचं पुस्तक तिने मैत्रिणीकडून आणलंय. सुट्टीत गावी आली की आजीसमोर बसून आकडे म्हणते. परवा माय कांद्याच्या गोण्या मोजत होती. चार विसा झाल्यावर पुतणी मागून ओरडली, "कात्र-व्हँ!" माय म्हणाली, मध्ये बोलू नको, मोजणं चुकतं.