विमानतळावरचा मळा

शिकागोच्या ओहेर विमानतळाच्या इमारतीत २०११ साली २६ मनोरे उभे राहिले. त्यांत बेसिल, चार्ड, मिरच्या पिकत आणि खुडलेला माल थेट विमानतळावरच्याच उपाहारगृहांत जाई. माती मात्र औषधालाही नव्हती!

अशा मनोऱ्याच्या तळाच्या टाकीतलं पोषक द्रव्यं मिसळलेलं पाणी पंप वर चढवतो. पोकळ मनोऱ्यात लोंबणाऱ्या मुळांना भिजवत ते पुन्हा टाकीत उतरतं, त्यामुळे पाणी फार वाया जात नाही. पाण्याचा सामू साधारण ५.५ ते ६.५ लागतो. बंद खोलीत दिवे रोज १४-१६ तास जळतात. बारमाही भाजीची खरी किंमत विजेच्या बिलात कळते.

पंप बंद पडला की मुळं लवकर सुकतात. भारनियमनाच्या गावात आधी इन्व्हर्टर घ्यावा, मग मनोरा. पालक, लेट्यूस लावा. गाजर-मुळ्याचा नाद सोडा.