एक पर्वत आणि अनेक तबकड्या

मालकंसातील एखादी चीज दोन गायकांकडून ऐकली, तर दोन वेगळ्या मैफली ऐकल्याचा आनंद होतो, आणि त्याचे आपणांस नवल वाटत नाही. चीज ही गायकाला दाखविलेली वाट असते; चालणे त्याचे. युरोपातील वाद्यवृंदाच्या संगीताची रीत निराळी. तेथे कोणता स्वर, किती वेळ, किती जोराने आणि कोणत्या वाद्याने काढावयाचा, हे सारे रचनाकार कागदावर लिहून ठेवतो. मग एकाच रचनेच्या डझनावारी ध्वनिमुद्रिका कशासाठी निघतात? आणि जाणत्या श्रोत्यांनी त्यांवरून हिरीरीने वाद तरी का घालावेत? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेने मिळावयाचे नाही. एखादी रचना घ्यावी आणि तिच्या तबकड्या शेजारी शेजारी ठेवून ऐकाव्यात, हेच बरे. आम्ही त्यासाठी रिखार्ड स्ट्राउस याची ‘आल्पाइन सिम्फनी’ निवडली आहे.

नावात सिम्फनी असली, तरी हे खरे पाहता स्वरकाव्य आहे. म्हणजे वाद्यांनी सांगितलेली कथा. कथा साधी आहे. रात्र सरते, सूर्य उगवतो, कोणी एक माणूस डोंगर चढू लागतो. अरण्य, ओढा, धबधबा, फुलांची कुरणे, गुरांच्या गळ्यांतील घंटा, चुकलेली वाट, हिमनदी आणि शिखर असा त्याचा प्रवास होतो. मग धुके चढते, वादळ गाठते, माणूस धावत खाली येतो, सूर्य मावळतो आणि पुन्हा रात्र होते. बावीस प्रसंग, मध्ये कोठेही विराम नाही, आणि एकंदर वेळ सुमारे पन्नास मिनिटे.

स्ट्राउस हा म्युनिकचा. जन्म 1864 चा. 1879 साली, शाळकरी वयात, तो एका डोंगरावर गेला असता वाट चुकला, पावसात सापडला, भिजून चिंब झाला आणि घरी परतल्यावर तो सारा अनुभव त्याने पियानोवर वाजवून पाहिला. पुढे गार्मिश येथे आल्प्सच्या पायथ्याशी त्याने घर बांधले. 1911 च्या मे महिन्यात त्याचा मित्र आणि प्रतिस्पर्धी गुस्टाव माहलर वारला, त्या सुमारास त्याने आपल्या रोजनिशीत या रचनेविषयी एक टिपण केले आहे. माणसाने स्वतःच्या बळावर शुद्ध व्हावे, श्रमाने मुक्त व्हावे आणि निसर्गाची पूजा करावी, असा तिचा आशय त्याने तेथे सांगितला. तेव्हा ही कथा नुसत्या सहलीची नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

1915 च्या 28 ऑक्टोबरला, पहिले महायुद्ध चालू असताना, बर्लिनमध्ये ती प्रथम वाजविली गेली. संचालन स्वतः स्ट्राउसचे आणि वाद्यवृंद ड्रेस्डेनचा. वादक सव्वाशेच्या घरात. शिवाय पडद्याआड बारा हॉर्न, वाऱ्यासाठी एक यंत्र (कापडावर घासत फिरणारे लाकडी पिंप), गडगडाटासाठी दुसरे, आणि ऑर्गन. फुंकून वाजविणाऱ्यांचा दम पुरावा म्हणून पायाने चालविण्याचा एक भाताही त्याने सुचविला होता. आपल्याकडील पायपेटी वाजविणाऱ्यास या युक्तीचे हसू येईल! या लवाजम्यामुळेच रचनेची निंदाही झाली. हे संगीत नव्हे, चित्रपटाची पार्श्वभूमी आहे, असे टीकाकार म्हणत.

तबकडीच्या इतिहासाने या निंदेला हातभारच लावला, असे आमचे मत आहे. 1925 साली ऑस्कर फ्रीडने बर्लिनमध्ये तिचे पहिले ध्वनिमुद्रण केले, ते कर्ण्यापुढे वाजवून. विजेचे ध्वनिमुद्रण त्याच सुमारास येऊ लागले होते, पण या कामी ते नव्हते. कर्ण्यासमोर दाटीने बसलेल्या मंडळींकडून आल्प्स उभा करावयाचा हे धाडसच होय. भर अशी की जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम चार-पाच मिनिटे मावत; म्हणजे दर पडावावर गिर्यारोहकाला थांबवून तबकडी बदलावयाची. लाँग प्लेइंग तबकडी आली तरी एकदा बाजू उलटविणे चुकले नाही. अखंड चढण प्रथम मिळाली ती कॉम्पॅक्ट डिस्कवर. 1981 साली जर्मनीत या नव्या चकतीचा चाचणीसाठी जो पहिला नमुना काढला, त्यावर हीच रचना होती, हर्बर्ट फॉन कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक यांची. यंत्राची ताकद दाखवावयाची तर वादळ आणि सूर्योदय यांच्यासारखा माल दुसरा कोणता? तेव्हापासून ही सिम्फनी नव्या यंत्रांची परीक्षा घेण्याच्या कामी येऊ लागली, आणि लोक पर्वत ऐकण्याऐवजी ध्वनिवर्धक ऐकू लागले.

वादळावरून ध्वनिमुद्रिकेची पारख करू नये, असा आमचा आग्रह आहे. वादळ चांगले वाजविणे अवघड असले, तरी कोणत्याही उत्तम वाद्यवृंदास ते साधते. कस लागतो तो शिखरावर. तेथे ट्रोम्बोन एकदा घोष करतात आणि मग, आता सारा वाद्यवृंद कोसळणार असे वाटत असताना, जवळजवळ सारे शांत होते. व्हायोलिनांच्या बारीक कंपावर एकटा ओबो बोलू लागतो. ओबो म्हणजे सनईप्रमाणे पत्तीने वाजणारे, पण आवाजाने मवाळ असे वाद्य. तो सलग गात नाही. अडखळतो, थांबतो, पुन्हा एखादा शब्द उच्चारतो. दम लागलेल्या माणसाला समोरचे दृश्य पाहून बोलणे सुचत नाही, अशी ती अवस्था आहे. लिहिलेले स्वर थोडे आहेत. परंतु दोन स्वरांमधील गप्प राहणे किती लांबवावयाचे, हे कागदावर कितीही लिहिले तरी वादकाच्या आणि संचालकाच्या हातीच उरते. तबकड्या वेगळ्या पडतात त्या येथे.

कारायानचे ध्वनिमुद्रण 1980 सालचे. तो साल्झबर्गचा, डोंगरांतच वाढलेला. त्याचा सूर्योदय डोळे दिपविणारा आहे, तंतुवाद्यांची झळाळी अशी की कोठे सांधा दिसू नये. पण त्याचा ओबोही तसाच सुंदर आहे, आणि आमची तक्रार नेमकी तीच. हा माणूस दमलेला वाटत नाही. विमानातून उतरल्यासारखा शिखरावर उभा आहे. शिवाय आरंभीच्या त्या डिजिटल ध्वनीला थोडी काचेची धार आहे.

जॉर्ज शोल्टीने 1979 साली म्युनिकच्या रेडिओ वाद्यवृंदाकडून ही रचना सुमारे 44 मिनिटांत वाजवून घेतली. कारायानला जवळजवळ 51 लागतात. सात मिनिटांचे हे अंतर ऐकताना फार जाणवते. शोल्टीचे उतरणे खासे आहे, पाऊस पाठीस लागल्यासारखे; चढताना मात्र त्याला फुले पाहावयास उसंत नसते. 1975 सालची लॉस एंजेलिसची तबकडी झुबिन मेहतांची. मेहतांचा जन्म मुंबईचा, 1936 चा, आणि त्यांचे वडील मेहली मेहता बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. त्यामुळे आपण ती थोड्या मायेने ऐकतो. तिचा आवाज भरघोस आहे, हॉर्न तर छातीवर आदळतात. हायटिंकची 1985 ची ॲमस्टरडॅमची तबकडी त्याहून गंभीर, सावळ्या रंगाची, घाई नसलेली.

स्वतः स्ट्राउसने म्युनिकच्या ऑपेराच्या वाद्यवृंदाकडून 1941 साली ती मुद्रित केली. वय 77 चे, दुसरे महायुद्ध चालू. त्याचे वडील फ्रान्झ याच वाद्यवृंदात अनेक वर्षे प्रमुख हॉर्नवादक होते. ध्वनी जुना, वादळ दूरच्या खोलीत चालल्यासारखे ऐकू येते. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : रचनाकार कोठेही रेंगाळत नाही. दुसऱ्या संचालकांनी ज्या जागी डोळे मिटले, तेथून तो सरळ पुढे जातो. दोनच वर्षांनी ज्या ऑपेरागृहाचा हा वाद्यवृंद, ते बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, हे ठाऊक असून ती तबकडी तटस्थपणे ऐकणे आम्हांस जमलेले नाही.

एकच घ्यावयाची झाली तर रुडॉल्फ केंपेची, 1971 साली ड्रेस्डेनला केलेली. हा तोच वाद्यवृंद, ज्याला रचना अर्पण झाली आणि ज्याने ती प्रथम वाजविली. केंपे ड्रेस्डेनच्या परिसरातला, आणि संचालक होण्यापूर्वी लाइपझिगच्या वाद्यवृंदात ओबोच वाजवीत असे. म्हणूनच शिखरावर त्याचा ओबो असा बोलतो की काय, हे सिद्ध करता यावयाचे नाही. पण तेथे खरोखर श्वास ऐकू आल्याचा भास होतो. त्याचे वादळ कारायानच्या वादळाहून लहान आहे. मात्र ते सरल्यावर ऑर्गनच्या मंद सुरांवर जो समारोप सुरू होतो, त्यात दिवसभराचा शीण आणि समाधान दोन्ही आहेत. तंतुवाद्ये तेथे गोड होण्याचा प्रयत्न करीत नाहीत. शेवटी सुरुवातीचीच रात्र परतते : स्वर एकेक करून खाली उतरतात आणि उतरलेला प्रत्येक स्वर तसाच धरून ठेवलेला असतो, जणू तंबोऱ्याच्या तारांत सारे सप्तकच लावून छेडले आहे. केंपेच्या तबकडीत हा काळोख आरंभीच्या काळोखापेक्षा जड वाटतो. स्वर तेच, पण आपण डोंगर पाहून आलेलो असतो.

ऐकू इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. आरंभीची रात्र इतकी हळू आहे की काही ऐकू येत नाही म्हणून हात आपोआप आवाज वाढवावयास जातो. तो आवरावा. चार मिनिटांच्या आत सूर्य उगवतो, आणि मग शेजारी दार वाजवितात.