९९ फोन आणि एक हातगाडी: उपरोधावर संशोधन कसं करायचं?

पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना बरेच जण "न्यू मीडिया कलेतील उपरोध" असं लिहून मोकळे होतात. विषय म्हणून हे ठीक आहे, पण हा संशोधनप्रश्न नाही. विषयातून प्रश्न कसा काढायचा, ते एका कलाकृतीवरून पाहू.

बर्लिनचा कलाकार सायमन वेकर्ट याने फेब्रुवारी २०२० मध्ये 'गूगल मॅप्स हॅक्स' ही कृती एका छोट्या व्हिडिओतून लोकांसमोर ठेवली. ९९ वापरलेले स्मार्टफोन हातगाडीत भरायचे, सगळ्यांवर गूगल मॅप्स चालू ठेवायचं आणि गाडी ओढत सावकाश चालत राहायचं. बस, एवढंच. रस्ता जवळपास मोकळा, पण नकाशावर तो लाल, म्हणजे वाहतूक तुंबलेली! बर्लिनमधल्या गूगलच्या कार्यालयासमोरही त्याने ही गाडी फिरवली.

हे कसं घडतं? फोन आपलं ठिकाण आणि वेग कळवत असतात. एकाच रस्त्यावर खूप फोन अगदी हळू सरकताना दिसले की यंत्रणा 'कोंडी आहे' असं समजते. ते फोन गाड्यांमध्ये आहेत, हे तिचं गृहीतक.

आता उपरोध नेमका कुठे आहे? "कलाकाराने गूगलची थट्टा केली" एवढ्यावर थांबलात तर तो उपहास झाला. उपरोध असतो दाखवलेलं आणि असलेलं यांच्यातल्या अंतरात. इथे त्याचा आणखी एक पदर आहे. नकाशा लाल दिसला की चालक दुसरा रस्ता धरू शकतात. म्हणजे खोटी कोंडी खऱ्या रस्त्यावरची वाहनं कमी करू शकते. आपण ज्याला वास्तवाचं चित्र समजतो, ते वास्तव घडवतही असतं. वेकर्टची टीका ही आहे.

खरी पंचाईत पुढे आहे. गूगलने या प्रकाराला खेळीमेळीने उत्तर दिलं: भारतासह काही देशांत आम्ही मोटार आणि मोटारसायकल यांत फरक करू शकतो, हातगाडीचं अजून जमलेलं नाही, आणि अशा कल्पक वापरामुळे नकाशे सुधारायला मदतच होते. म्हणजे ज्याच्यावर टीका, तोच हसून ती पचवतो, वर तिचा फुकटची चाचणी म्हणून उपयोगही करून घेतो. मग अशा टीकेला धार उरते का? उरत असेल, तर ती कुणासाठी? बघा, हा झाला संशोधनप्रश्न. याचं उत्तर 'हो' येऊ शकतं आणि 'नाही'ही.

पुराव्याबाबत एक सावधगिरी बाळगा. व्हिडिओ हे कलाकाराने स्वतः केलेलं दस्तऐवजीकरण आहे. त्यावरून "नकाशा लाल झालेला दाखवला आहे" असं लिहिता येतं. "चालकांनी रस्ता बदलला" असं लिहायचं असेल तर वेगळा पुरावा लागेल. दोन्ही वाक्यं एकाच दमात लिहिलीत तर परीक्षक तिथेच अडवतील.

तुमच्या निवडलेल्या कलाकृतीला हे तीन प्रश्न विचारून पाहा: ती कोणतं गृहीतक उघडं पाडते? ज्याच्यावर टीका आहे त्याने काय प्रतिसाद दिला? आणि तुमच्या हातातला पुरावा नेमकं किती सिद्ध करतो? तिसऱ्याचं उत्तर आधी लिहा; प्रस्तावाचा आवाका त्यावरूनच ठरेल.